रोपवाटिका टाकायची? लागणीच्या तारखेपासून मागं मोजा

पुण्यात शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात १९०७ पासून शेती शिकवतात. मीही तिथलाच. पदवी घेऊन उरुळी कांचनला परतलो, ‘रोपवाटिका टाकतोय’ म्हटलं, तर वडील काही न बोलता गोठ्यात निघून गेले. आता ज्युनिअर पोरं माझ्याकडं येतात नि पहिला प्रश्न विचारतात सबसिडीचा. ते नंतर बघू.

आधी गिऱ्हाईक गाठा. ‘रावे’ला, म्हणजे पदवी शिकताना खेड्यात राहून करायच्या शेतीच्या कार्यानुभवाला, ज्या गावात राहिलात, तिथले शेतकरी तुम्हाला तोंडओळखीनं तरी ओळखतात. त्यातल्या एकाला विचारा: टोमॅटो कधी लावणार, कुठलं वाण, किती एकर? आणि इसार घ्या, पाचशे का होईना. इसाराविना बोललेली रोपं माझ्याकडं ट्रेमध्येच म्हातारी झालीत.

मग हिशेब. बेड पाच फुटांवर, रोप दीड फुटावर, म्हणजे एकरी ५,८०८ रोपं. ९८ कप्प्यांचे ६० ट्रे भरले की ५,८८०. जमलं असं वाटतं. पण बी शंभरातलं शंभर उगवत नाही. नव्वद धरा नि ७० ट्रे भरा. नांग्या, म्हणजे रोपं मरून पडलेल्या मोकळ्या जागा, भरायला साडेतीनशेक रोपं हाताशी राहतात.

लागणीच्या तारखेआधी २५ दिवस पेरणी. थंडीत आठवडाभर जास्त धरा.

ट्रेत भरायचं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, धुऊनच वापरा, त्यात क्षार असतात. मूठ आवळल्यावर एखाद-दुसरा थेंब यावा, धार नको. कप्प्याला एक बी, अर्धा सेंटीमीटर खोल. ट्रे एकावर एक रचून काळ्या प्लास्टिकनं झाका. खरी परीक्षा इथंच. चौथ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ उघडून बघायचं. कोंब मान वर काढताना दिसले की लगेच ट्रे शेडनेटखाली पसरायचे. एकदा नेमका त्याच दिवसांत मी मामेभावाच्या लग्नाला सासवडला होतो. सातव्या दिवशी प्लास्टिक उचललं, तर मटकीच्या मोडांसारखी पांढरी, लांबलचक रोपं एकमेकांच्या अंगावर पडलेली. सगळी उकिरड्यावर गेली. संकरित बियाणं होतं, आईनं दाणा न् दाणा मोजून पेरलेलं. ती अजून ऐकवते.

शेवटचे चार-पाच दिवस पाणी कमी करा, रोप काटक होतं. द्यायच्या आधी एक रोप उपसून बघा. मुळ्यांनी गड्डा घट्ट बांधलेला असेल तर तो अख्खा निघतो. फुटला, तर गाडी दोन दिवसांनी बोलवा, शेतकरी कितीही घाई करू दे.

बियाण्याचं रिकामं पाकीट आणि बिल फेकू नका. वाणाची तक्रार येते ती फळं लागल्यावर. फळझाडांची कलमं विकायची झाली, तर कृषी खात्याचा परवाना आधी काढा.

आता सबसिडी. कृषी पदवीधरांसाठी २००२ पासून ॲग्री क्लिनिक योजना आहे. त्यात आधी प्रशिक्षण असतं, मग बँकेसाठी प्रकल्प अहवाल करावा लागतो. तो लिहिताना इसाराची वही सोबत ठेवा. मी पहिली दोन वर्षं बांबू आणि साध्या हिरव्या नेटवर काढली, नि मॅनेजरनं माझी ती मळकी वहीच सगळ्यात जास्त वेळ चाळली.