पहिल्या मास्टर्स स्पर्धेसाठी इव्हेंट कसे निवडावेत?

ठाण्याच्या मारोतराव शिंदे तरणतलावावर काय किंवा वाशी-नेरुळच्या क्लबांत काय, सकाळच्या बॅचला चाळिशी-पन्नाशीचे कितीतरी जण छान पोहताना दिसतात. स्पर्धेचा फॉर्म हातात आला की मात्र त्यांचा गोंधळ उडतो. कुणी उत्साहाच्या भरात पाच रकान्यांत टिक करतं, कुणी फॉर्म तसाच घडी करून ठेवून देतं. माझं मत विचाराल तर पहिल्या वेळी दोनच इव्हेंट घ्या. आणि तेही वेग बघून नको. दमल्यावरसुद्धा तुमचा कोणता स्ट्रोक नियमात राहतो, ते बघून ठरवा.

आधी वयोगट बघा. मास्टर्समध्ये, म्हणजे प्रौढांच्या पोहण्याच्या स्पर्धांत, २५ वर्षांपासून पुढे पाच-पाच वर्षांचे गट असतात. जागतिक नियमांनुसार स्पर्धेच्या वर्षातल्या ३१ डिसेंबरला असणारं वय धरतात. म्हणजे नोव्हेंबरात चाळीस पूर्ण होणार असतील, तर मार्चमधल्या स्पर्धेतही तुम्ही ४०-४४ मध्येच. स्थानिक स्पर्धेचं परिपत्रक मात्र नीट वाचा, तिथे वेगळी तारीख दिलेली असू शकते.

पहिला इव्हेंट ५० मीटर फ्रीस्टाइल. यात फारसा विचार करायला नको, कारण बाद होण्याची भीती यात सगळ्यात कमी. नियमाने फ्रीस्टाइलमध्ये कोणताही स्ट्रोक चालतो. दम लागून तळावर उभं राहिलात तरी बाद होत नाही, फक्त चालायचं नाही.

खरा प्रश्न दुसऱ्या इव्हेंटचा. आपल्याकडे बरेच जण डोळे मिटून ब्रेस्टस्ट्रोक लिहितात. मुरबाड-शहापूरकडे लहानपणी विहिरीत पोहायला शिकलेल्यांचा तर तो हातखंडा. पण सगळ्यात काटेकोर नियमही याच स्ट्रोकचे आहेत. म्हणून स्वतःची परीक्षा घ्या. दोन लेंग्थ जीव तोडून मारा आणि तिसऱ्या लेंग्थला काठावरून कुणाला तरी फक्त पाय बघायला सांगा. दोन्ही पावलं बाहेर वळतायत का? दोन्ही पाय एकाच वेळी, एकाच पातळीत चालतायत का? एक पाऊल सरळ राहून कात्रीसारखी किक बसत असेल, तर पंच बाद करणारच. विहिरीत पोहणाऱ्यांत ही कात्री फार दिसते. ताजेतवाने असताना ती लपते आणि दम लागला की वर येते. भिंतीला टर्नवर आणि शेवटी दोन्ही हात एकदम लागतायत का, तेही बघायला सांगा. यात पास झालात तर ५० ब्रेस्ट बिनधास्त लिहा.

नाहीतर बॅकस्ट्रोक. ब्लॉकवरून (काठावरच्या उंच चौथऱ्यावरून) डाइव्ह मारायची भीती असेल तर हा स्ट्रोक फारच सोयीचा, कारण स्टार्टच पाण्यातून होतो. मात्र भिंतीच्या पाच मीटर आधी डोक्यावर पताका असतात, तिथून भिंतीपर्यंत तुमचे किती हात होतात ते सरावातच मोजून ठेवा. शेवट पाठीवर असतानाच करायचा. (डाइव्हचं म्हणाल तर जागतिक मास्टर्स नियमांत पुढे झेप घेऊन सुरू होणाऱ्या इव्हेंटनाही काठावरून किंवा पाण्यातून भिंतीला रेटून सुरुवात करायची मुभा आहे.)

बटरफ्लाय आणि आयएम (एकाच शर्यतीत चारही स्ट्रोक) पुढच्या वर्षी.

५० की १००? सुरुवातीला ५०. १०० मध्ये पहिली पन्नास जोरात जातात आणि उरलेल्या पन्नासात हात शिशाचे होतात. याला एक अपवाद आहे. मालवणच्या समुद्रात पोहणाऱ्यांसारखे तुम्ही न थांबता किलोमीटरभर आरामात पोहत असाल, तर तुम्हाला ५० पेक्षा ४०० फ्रीस्टाइल जास्त मानवेल. त्यात वेगापेक्षा लय कामाला येते.

आता कार्यक्रमपत्रिका उघडा आणि तुमचे दोन इव्हेंट किती अंतराने आहेत ते बघा. लागोपाठ असतील तर त्यातला एक बदला. मधे अंग पुसून, दोन घोट पाणी पिऊन, श्वास पूर्ण जागेवर येण्याइतका वेळ हवाच.

एन्ट्री टाइम, म्हणजे फॉर्मवर लिहायची तुमची वेळ, खरा लिहा. सरावात पूर्ण जोर लावून पोहा, दुसऱ्याला घड्याळ लावायला सांगा आणि जो आकडा येईल तोच द्या. हीट, म्हणजे एकत्र पोहणाऱ्यांच्या तुकड्या, या आकड्यांवरूनच लागतात. वेगळी फायनल न घेता थेट हीटमधल्या वेळेवर निकाल असेल तर तुमच्या गटातल्या सगळ्या हीटमधल्या वेळा एकत्र धरतात. त्यामुळे हळू हीटमध्ये पोहूनही पदक मिळू शकतं. खोटा वेगवान आकडा लिहिलात तर शेजारच्या लेनवाले पुढे निघून जातात आणि त्यांना गाठायच्या नादात तुमचाच स्ट्रोक बिघडतो.

क्लबने रिलेसाठी विचारलं तर हो म्हणा. तिथे गट चौघांच्या वयाच्या बेरजेवर ठरतो, त्यामुळे साठीच्या काकांनाही टीममध्ये मागणी असते. फक्त एक सराव आधी करून ठेवा: आपला माणूस भिंतीला टेकेपर्यंत ब्लॉकवरून पाय सुटता कामा नये, नाहीतर चौघंही बाद होतात.