बांबू आणि धामण : थर जोडून लांब धनुष्य कसं घडवावं

इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचं 'मेरी रोझ' हे जहाज १५४५ मध्ये बुडालं आणि १९८२ मध्ये समुद्रातून वर काढलं गेलं. त्यात यू या झाडाची शंभराहून अधिक लांब धनुष्यं सापडली. प्रत्येक धनुष्य एकाच ओंडक्यातलं, तरी त्यात लाकूड दोन तऱ्हांचं होतं. सालीखालचं फिकट लाकूड ताण सोसायला आणि गाभ्याचं तांबूस लाकूड दाब सोसायला. थर जोडून धनुष्य करताना आपण हीच कामं दोन वेगळ्या लाकडांना वाटून देतो.

धनुष्य ओढणाऱ्याकडची बाजू म्हणजे पोट आणि लक्ष्याकडची बाजू म्हणजे पाठ. दोरी ओढली की पाठ ताणली जाते, पोट दाबलं जातं. ताण सोसण्यात बांबूच्या बरोबरीचं फार थोडं लाकूड आहे, म्हणून पाठ बांबूची. पोटाला मी धामण घेतो. कुऱ्हाडीच्या दांड्यासाठी गावोगाव वापरलं जाणारं हे चिवट लाकूड वाकूनही पुन्हा सरळ होतं.

बांबू जाड भिंतीचा, निदान १० सेंटीमीटर व्यासाचा आणि सावलीत पूर्ण वाळलेला हवा. धामणीची फळी निवडताना लाकडाची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ जाते ना, हे बघा. मध्येच बाजूला सुटणारी रेघ म्हणजे पुढची भेग. गाठ असेल तर ती फळी सोडून द्या, कितीही देखणी असली तरी.

आपण ३५ पौंडांचं, म्हणजे पूर्ण ओढायला सुमारे १६ किलोचा जोर लागणारं धनुष्य करतोय. ओढ, म्हणजे दोरी मागे खेचण्याचं अंतर, २८ इंच किंवा ७१ सेंटीमीटर. त्यासाठी लांबी १८३ सेंटीमीटर ठेवा. धामणीची पट्टी मुठीपाशी ३२ मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर जाड घ्या. मुठीपासून टोकाकडे रंध्याने हळूहळू उतरवत जाडी १० मिलिमीटरवर आणा. बांबूची पट्टी आतल्या बाजूने सपाट रंधा. मध्यावर ४ आणि टोकांना २ मिलिमीटर पुरे. बाहेरच्या बाजूला फक्त मेणचट चकाकी खरवडा. पेरांचे उंचवटे कापू नका, तिथले तंतू तुटले की धनुष्य तिथेच मोडतं.

चिकटवताना घाई नको. माझं पहिलं धनुष्य मी भर जुलैत चिकटवलं. दोरी जेमतेम अर्धी ओढली तोच मुठीजवळ 'टक्क' झालं आणि नखाएवढी फट उघडली. बांबू ओला होता. तेव्हापासून हे काम मी मार्च ते मेमध्येच करतो.

दोन्ही पट्ट्यांचे जुळणारे पृष्ठभाग हॅकसॉच्या पात्याने लांबीच्या दिशेने ओरखडा, म्हणजे गोंदाला धर मिळतो. दोन भागांचं, हळू सुकणारं इपॉक्सी दोन्ही बाजूंना लावा. साधा पांढरा गोंद सततच्या ताणाखाली सरकतो, म्हणून तो इथे नको. पट्ट्या आकार दिलेल्या फळीवर बसवा. टोकं पाठीच्या दिशेला ३-४ सेंटीमीटर वळलेली राहतील असा त्या फळीचा बाक हवा. मग जुन्या सायकल ट्यूबच्या पट्ट्यांनी मुठीपासून टोकाकडे घट्ट गुंडाळत जा. दाब सगळीकडे सारखा हवा, पण सगळा गोंद बाहेर पिळला जाईल इतका आवळू नका. दोन दिवस हात लावू नका.

सुटल्यावर रुंदी घडवा. मुठीच्या दोन्ही बाजूंचे वाकणारे भाग म्हणजे भुजा. मुठीपासून भुजेच्या मध्यापर्यंत ३२ मिलिमीटर, तिथून टोकाला १२. दोरीच्या खाचा गोल कानसने दोन्ही कडांना घाला, बांबूच्या पाठीवर आडव्या नकोत.

आता खरं काम. भुजा समान वाकवणं, म्हणजे टिलरिंग. धनुष्य इथेच घडतं किंवा मोडतं. आधी एक टोक जमिनीवर टेकवून हाताने दाबा आणि कुठे वाकतं, कुठे ताठ राहतं ते पाहा. मग भिंतीवर मूठ अडकवा, सैल लांब दोरी लावा, कप्पीतून दोर घेऊन मध्ये लगेज काटा अडकवा आणि तीनेक मीटर मागे सरकून हलकेच ओढा. दोन्ही भुजा चंद्रकोरीसारख्या वळल्या पाहिजेत. जिथे ताठ दिसेल तिथे पेन्सिलने खूण करा आणि पोटाच्या बाजूने फक्त तिथेच खरवडा. जिथे जास्त वाकतं तिथे पातं लावायचंच नाही.

खरवडण्यासाठी काचेचा सरळ धारेचा तुकडा उत्तम, जाड हातमोजा घालून. कांद्याच्या पापुद्र्याइतक्या पातळ सालपटाहून जास्त काढू नका. जाडी १० टक्क्यांनी कमी झाली तर कडकपणा जवळपास २७ टक्क्यांनी उतरतो. रुंदी तितकीच कमी झाली तर फक्त १० टक्क्यांनी. प्रत्येक खरवडीनंतर तीसेक वेळा ओढा, कारण लाकडाला बदल मानायला वेळ लागतो. काटा ३५ पौंड दाखवेल तिथे थांबा, ओढ २८ इंचांपर्यंत पोचली नसली तरी. जोर लावून पुढे नेलं की लाकूड कायमचं वाकतं.

भुजा समान वळू लागल्या की छोटी पॉलिस्टर दोरी चढवा. आधी मुठीपासून ७-८ सेंटीमीटर अंतर, पुढे १५. यापुढे ओढ एकेक इंचाने वाढवा. चष्मा लावा आणि भुजांच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका.

शेवटी कडा गोल करा, बारीक पॉलिश पेपर फिरवा आणि जवसाच्या तेलाचे चार-पाच हात द्या, दोन हातांमध्ये एक दिवस जाऊ द्या. मुठीला सुती दोरा गुंडाळा. बाणाशिवाय दोरी कधीही सोडू नका. बाणात जायची सगळी ताकद भुजांमध्ये परतते. पहिले शंभर बाण २४ इंच ओढीवरच सोडा, मग दोरी उतरवून धनुष्य सपाट टेबलावर ठेवा आणि दोन्ही टोकं सारख्याच उंचीवर आहेत का ते पट्टीने मोजा.