ऑपरेशन फ्लॅशपॉइंट पुन्हा खेळायचा तर

ऑपरेशन फ्लॅशपॉइंट हा बोहिमिया इंटरॅक्टिव्हचा युद्धाचा कॉम्प्युटर गेम २००१चा. २०११पासून तो ‘आर्मा: कोल्ड वॉर असॉल्ट’ या नावाने मिळतो आणि २००२चं रेझिस्टन्स हे एक्स्पान्शनही (गेमला जोडलेला वाढीव भाग) त्यातच येतं. रेड हॅमर ही मोहीम मात्र त्यात नाही, तिच्यासाठी जुनी आवृत्तीच लागते.

इन्स्टॉल करताना प्रोग्राम फाइल्स टाळा, ड्राइव्हवर वेगळं फोल्डर करा. प्रोग्राम फाइल्समध्ये विंडोज जुन्या गेमला थेट लिहू देत नाही, बदललेली प्रत व्हर्च्युअलस्टोअर नावाच्या वेगळ्याच फोल्डरमध्ये ठेवतं. मग तुम्ही एक फाइल दुरुस्त करता आणि गेम दुसरीच वाचतो.

रुंद स्क्रीनवर सगळं ताणलेलं दिसतं, कारण गेम ४:३ (रुंदी:उंची) स्क्रीनसाठी बनलेला आहे. गेम एकदा सुरू करून प्रोफाइल बनवा, पूर्ण बंद करा आणि गेमच्याच युजर्स फोल्डरमध्ये तुमच्या नावाखालची युजरइन्फो ही सीएफजी फाइल नोटपॅडमध्ये उघडा. त्यात दृश्य किती उंच-रुंद दिसावं ते ठरवणारे एफओव्हीटॉप ०.७५ आणि एफओव्हीलेफ्ट १ असतं. १६:९ साठी टॉप तसंच ठेवून लेफ्ट १.३३३३३३ करा (०.७५ गुणिले १६, भागिले ९), १६:१० साठी १.२. एवढ्यावर थांबलात तर नकाशा आणि मेनू फाकलेलेच राहतात. म्हणून १६:९ वर यूआयटॉपलेफ्टएक्स ०.१२५ आणि यूआयबॉटमराइटएक्स ०.८७५ करा, म्हणजे मेनू मधल्या तीन चतुर्थांश भागात नीट बसतो. आकडे इंग्रजी अंकांतच टाइप करा. गेम चालू असताना फाइल बदलली तर बदल पुसला जाऊ शकतो. आवाज खरखरला तर ऑडिओ पर्यायांतलं हार्डवेअर अॅक्सिलरेशन आणि ईएएक्स (आवाजाचे खास परिणाम) बंद करा.

आता खरा भाग: तुकडी चालवणं. इथेच बहुतेकांचा गेम सुटतो, कारण ते एकट्याने पुढे धावतात. मोहिमेला हात घालण्याआधी मिशन एडिटरमध्ये (गेममधली स्वतःची लढाई मांडायची सोय) अर्धा तास घालवा. एफ२ दाबून ग्रुप मोड घ्या, नकाशावर डबल क्लिक करून शत्रूची एक तुकडी ठेवा. तिच्यापासून चारशे मीटरवर आपली तुकडी ठेवा आणि तिचा म्होरक्या स्वतः व्हा. प्रिव्ह्यू दाबा.

खेळताना एफ२ ते एफ१२ या कळांनी एकेक सैनिक निवडला जातो, टिल्डच्या (~) कळीने सगळे. मग १ म्हणजे हालचाल, २ लक्ष्य, ३ गोळीबार, ७ सावधपणा, ८ रचना. सगळ्यांना निवडून ३ मधून ‘होल्ड फायर’ द्या, कडेला सरका, मशीनगनवाल्याला आडोशाला झोपवा आणि मगच गोळीबार मोकळा करा. हा क्रम बोटांत बसला की गेम वेगळाच वाटू लागतो.

‘माणसं हलतच नाहीत’ ही नेहमीची तक्रार. शत्रू दिसला की ती डेंजर (धोका) अवस्थेत जातात आणि आडोशाआडोशाने, रांगत सरकतात. धोका टळल्यावर ७ मधून अवेअर (सावध) करा, पावलं उचलतील. लांबच्या चालीत वेळेचा वेग चौपटीपर्यंत वाढवता येतो, पण जंगलाच्या कडेला पोचण्याआधी तो पूर्ववत करा. पहिली गोळी कुठून आली ते कळायच्या आत चार माणसं पडलेली असतात.

गोळीला पोचायला वेळ लागतो आणि ती खालीही येते. धावून दम लागला की नेम हलतो, म्हणून आधी आडवे व्हा, श्वास बसू द्या आणि मग मारा. पायाला गोळी लागली तर उभं राहता येत नाही, तेव्हा वैद्यकाला मागेच, पण जिवंत ठेवा.

मूळ मोहिमेत मिशनमध्ये हाताने एकदाच सेव्ह करता येतं. चकमकीच्या मधोमध ती संधी वाया घालवू नका. पहिला मोठा टप्पा पार करून माणसं मोजून झाली की वापरा. रेझिस्टन्समध्ये तर हिशोब आणखी कडक: तिथली शस्त्रं पुढच्या मिशनला सोबत येतात. त्यामुळे गोळीबार थांबल्यावर पडलेल्या शत्रूंचे रॉकेट लाँचर आधी गोळा करा, रायफली नंतर. पुढे रणगाडे समोर आले की रायफल काही कामाची नाही.