जेज्वीटांची ठिपक्यांची वही

जेज्वीट या कॅथलिक ख्रिस्ती धर्मसंघाला पोपची मान्यता मिळाली १५४० साली. संस्थापक लोयोलाचे इग्नेशियस यांनी स्वतःमधला एकच दोष हेरून तो कमी करत नेण्याची पद्धत घालून दिली. तिला साहित्य लागतं ते फक्त कागद आणि पेन.

सात दिवसांसाठी प्रत्येकी दोन आडव्या रेघा ओढा. वरची दुपारपर्यंतची, खालची रात्रीपर्यंतची. मूळ आखणीत पहिली जोडी सर्वांत लांब, पुढच्या आखूड होत जातात. चुका घटतील ही अपेक्षा कागदावरच दिसते.

सकाळी उठल्या उठल्या दोष ठरवा. 'राग आवरेन' असं मोघम नको, रात्री मोजणार काय? 'जेवताना कुणाचं बोलणं मधेच तोडणार नाही' हे मोजता येतं. चूक झाली की त्याच क्षणी हात छातीवर ठेवायचा. चारचौघांतही कुणाच्या लक्षात येत नाही. गाडं अडतं ते इथेच: हात ठेवायचा राहतो आणि ठिपके अंदाजे पडतात.

दुपारच्या जेवणानंतर आधी देवाकडे स्मरणाची कृपा मागा. ही पायरी गाळली की उरतो नुसता हिशेब. मग उठल्यापासूनचा एकेक तास आठवत जा. जितक्या चुका, तितके ठिपके वरच्या रेघेवर. रात्रीच्या जेवणानंतर तसंच खालच्या रेघेवर. शेवटी दोन्ही रेघा ताडून पाहा, उद्या आजच्या दिवसाशी, पुढे आठवडा आठवड्याशी.

सुरुवातीला ठिपके वाढले तर वही टाकू नका. बहुधा चुका वाढलेल्या नसतात, त्या दिसू लागलेल्या असतात.