आपल्या गावाचा इतिहास कसा लिहावा

गावाचा इतिहास लिहायचा म्हटलं की बरेच जण आधी पुस्तकं शोधायला लागतात. माझं सांगणं उलट आहे. आधी शिवारासकट सगळं गाव पायी फिरा. सकाळी लवकर निघा, कारण ऊन तिरपं असताना झिजलेलं कोरीवकामही उठून दिसतं. वेस, चावडी, पार, गढी, बारव, तालीम, दर्गा, समाध्या, जे दिसेल त्याचा फोटो काढा. फोटोत शेजारी मोजपट्टी ठेवा आणि जागेचं लोकेशन मोबाइलवर जतन करा.

मारुतीच्या देवळाभोवती उभे केलेले दगड मात्र घाईत पाहू नका. एका दगडावर खालच्या चौकटीत लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि वर शिवलिंगाची पूजा असेल, तर तो वीरगळ, म्हणजे लढताना मेलेल्या वीराच्या आठवणीचा दगड. लढाईजवळ गायी कोरलेल्या असतील, तर तो माणूस गावाची गुरं राखताना मेला असं समजावं. कोपरात वाकलेला, बांगड्या भरलेला हात दिसला की ती सतीशिळा. गाढवाचं शिल्प असलेला दगड म्हणजे गद्धेगळ. दिलेलं दान मोडणाऱ्याला त्यावर शाप असतो. वर चंद्र-सूर्य असतात, कारण ते आहेत तोवर दान टिकावं अशी अपेक्षा. अक्षरं दिसली तर त्यांत खडू किंवा चुना भरू नका, घासू तर मुळीच नका. जीर्णोद्धाराच्या उत्साहात ऑइलपेंट फासून आपण कितीतरी लेख कायमचे गमावले आहेत. शकाचा आकडा वाचता आला तर त्यात ७८ मिळवा, माघ-फाल्गुनातली नोंद असेल तर ७९. साधारण इसवी सन मिळेल.

नदीकाठी पांढरीचं, म्हणजे जुन्या वस्तीच्या पांढुरक्या मातीचं, टेकाड असेल आणि नांगरताना खापरं वर येत असतील, तर ती जागा नकाशावर खूण करून ठेवा, पण उकरू नका. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला अशाच टेकाडाखाली साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती निघाली. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ पासून अनेक वर्षं उत्खनन केलं. तुमच्याकडे असं काही दिसलं तर पुरातत्त्व विभागाला कळवा.

आता माणसं. म्हाताऱ्या माणसांना ‘कोणत्या साली?’ असं विचारून उत्तर मिळत नाही. ‘बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?’ असं विचारा. पश्चिम महाराष्ट्रात कोयनेचा भूकंप (१९६७), पुण्याच्या बाजूला पानशेतचा पूर (१९६१), लातूर-धाराशिवकडे किल्लारीचा भूकंप (१९९३) अशा खुणा धरल्या की पूल कधी झाला, वीज कधी आली, विहीर कोणी बांधली, हे चटकन लागतं. बायकांना वेगळं भेटा. गावच्या पाण्याची, साथींची, माहेर-सासरच्या वाटांची आठवण त्यांच्याकडे जास्त असते आणि कुणाला जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्या परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. नुसत्या पाटलाच्या वाड्यावर बसून गाव कळत नाही. बौद्धवस्ती, मातंगवस्ती, धनगरवाडा, मुसलमान घरं, सगळीकडे जा. पूर्वी कोणाला कोणत्या विहिरीवर पाणी भरू देत नसत, हेही गावाच्या इतिहासातच येतं आणि ते गाळणं मला अन्यायाचं वाटतं.

कागद शेवटी बघा, कारण तोवर काय शोधायचं ते कळलेलं असतं. तलाठ्याकडचे जुने फेरफार, भूमी अभिलेख कार्यालयातला गावनकाशा आणि शाळेचं जनरल रजिस्टर इतकं आधी पाहा. मुंबई इलाख्यातली जमीन मोजणी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यातून सुरू झाली. त्यानंतरच्या नोंदींत देवस्थान इनाम (देवळाला दिलेली जमीन), वतनी जमिनी (गावकीच्या वंशपरंपरागत कामासाठी दिलेल्या) सापडतात. मोठ्या बाजाराच्या गावांसाठी एकोणिसाव्या शतकातली जिल्हा गॅझेटियरं, म्हणजे इंग्रज सरकारने छापलेले जिल्ह्याच्या माहितीचे ग्रंथ, चाळा. मोडी कागद मिळाला तर तो लॅमिनेट करू नका, चिकटपट्टीही लावू नका. सपाट ठेवून फोटो काढा आणि मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्या.

लिहिताना पाहिलेलं, ऐकलेलं आणि कागदावरचं वेगवेगळं ठेवा. गाव कसं वसलं याच्या दोन भावक्या दोन कथा सांगत असतील तर दोन्ही लिहा, सांगणाऱ्याचं नाव त्याला विचारून टाका. कच्चा मजकूर छापण्याआधी ग्रामसभेत किंवा पारावर मोठ्याने वाचा, आलेल्या दुरुस्त्या तिथल्या तिथे वहीत घ्या आणि पक्की प्रत शाळेत व ग्रामपंचायतीत ठेवा.