जुन्या गाडीला अॅल्युमिनियमचा रेडिएटर घेताय? या चुका टाळा

वैभववाडीकडून करूळ घाट चढत गगनबावड्याला येताना माझ्या प्रीमियर पद्मिनीच्या तापमानाचा काटा तांबड्यात गेला, तेव्हा नवा अॅल्युमिनियमचा रेडिएटर बसवून पंधरा दिवससुद्धा झाले नव्हते. जुन्या तांब्या-पितळेच्या रेडिएटरला तीनदा डाग देऊन (गळती झाळून) झाला होता, म्हणून वैतागून तो काढला. पण गाडी तापायचं मूळ कारण होतं इंजिनाच्या ब्लॉकमध्ये साठलेला गंज, आणि आता तो नव्या रेडिएटरच्या नळ्यांत जाऊन बसला होता.

ब्लॉक न धुता नवा रेडिएटर बसवणं

फाउंड्रीच्या या कोल्हापुरात कास्ट आयर्नला गंज कसा धरतो ते कुणाला सांगायला नको. पद्मिनीचा ब्लॉक कास्ट आयर्नचाच. वर्षानुवर्षं साधं पाणी भरलं की तळाशी तांबडा गाळ बसतो. रेडिएटर खरेदी करण्याआधी ब्लॉकचा ड्रेन प्लग काढा, थर्मोस्टॅट (पाणी गरम झाल्यावरच रेडिएटरकडे सोडणारी झडप) बाहेर घ्या आणि उलट्या दिशेनं पाणी सोडा. बाहेर येणारं पाणी नितळ होईपर्यंत थांबा, अर्धा दिवस गेला तरी चालेल. त्याच वेळी वॉटर पंप आणि होज पाईपही बघून घ्या. दाबल्यावर मऊ लागणारा खालचा पाईप इंजिनाचा वेग वाढला की आत चिपकतो आणि पाणी अडतं.

थर्मोस्टॅट मात्र परत बसवा. "काढून टाका, गाडी गार राहील" असं सांगणारे मिस्त्री अजून भेटतात. तसं केलं तर इंजिन नीट गरमच होत नाही, पेट्रोल जास्त जातं, झीज वाढते आणि मूळ दोष तसाच राहतो.

"सगळ्या पद्मिनीला बसतो" यावर विश्वास ठेवणं

उद्यमनगरात जाताना जुना रेडिएटर सोबत न्या. कोअरची (नळ्या आणि फिन्स म्हणजे पातळ पत्र्यांच्या जाळीची) उंची-रुंदी, बोल्टच्या भोकांमधलं अंतर, पाण्याची तोंडं कुठल्या बाजूला आहेत आणि त्यांचा बाहेरचा व्यास किती, हे सगळं शेजारी ठेवून मोजा. काही गाड्यांत पंख्याचा स्विच रेडिएटरमध्येच असतो. तिथे आटेही जुळायला हवेत.

सर्वांत जास्त फसवते ती जाडी. जाड कोअर म्हणजे जास्त गारवा, असं वाटतं. पण इंजिनवरच्या पंख्याच्या गाडीत जाड कोअर पात्यांच्या जवळ येतो. ब्रेक दाबला की इंजिन माउंटिंगवर थोडं पुढे हलतं आणि पातं कोअरला लागू शकतं. मधे किमान 20 ते 25 मिमी जागा मी सोडतोच. शिवाय दाट फिन्सच्या जाड कोअरमधून हवा ओढायला पंख्याला जड जातं. हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे सरपटत जाताना समोरून वारा मिळत नाही, सगळी भिस्त पंख्यावर असते. म्हणून पंख्याभोवतीचं कव्हर जुनं, वेडंवाकडं असलं तरी फेकू नका. ते नसेल तर पंखा कोअरमधून हवा ओढण्याऐवजी बाजूचीच हवा घुसळत राहतो.

तांबं उष्णता अॅल्युमिनियमपेक्षा चांगली वाहतं, हेही इथे सांगायला हवं. अॅल्युमिनियमचा फायदा हलकेपणात आणि रुंद नळ्यांत आहे. तुमचा तांब्याचा कोअर शाबूत असेल तर तो साफ करून घेणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. त्याला डाग देता येतो. अॅल्युमिनियम फुटलं तर टिग वेल्डिंगवाला शोधावा लागतो.

बोअरचं पाणी भरणं

शिरोळकडच्या क्षारपड रानांतलं पाणी ज्यांनी पाहिलंय, त्यांना हे लगेच पटेल. क्लोराइड असलेलं पाणी अॅल्युमिनियमला बारीक बारीक भोकं पाडतं. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मं-निम्मं घाला. दोन जातींची कूलंट मिसळू नका, काही वेळा आत जेलसारखा गाळ तयार होतो.

अर्थिंग खराब असेल तर वीज पाण्यातून वाट शोधते आणि रेडिएटर आतून खाऊन टाकते. इंजिन चालू, दिवे-पंखा चालू ठेवून व्होल्टमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं पाण्यात धरा (झाकण गार असतानाच काढलेलं असावं, टोक धातूला लागू देऊ नका). 0.1 व्होल्टपर्यंत ठीक. 0.3 च्या वर गेलं तर आधी इंजिन आणि बॉडीच्या अर्थच्या वायरी साफ करा. रेडिएटर रबरी बुशवरच बसवा, थेट लोखंडी पट्टीला घट्ट आवळू नका.

झाकण अंदाजानं घेणं

रेडिएटरच्या 0.9 बार दाबाच्या झाकणानं पाणी साधारण 118 अंशांपर्यंत उकळत नाही. पण कमी दाबासाठी बनलेल्या जुन्या गाडीत तोच दाब हीटरला आणि पाईपांना फोडतो. गाडीच्या मॅन्युअलमध्ये जो आकडा आहे, तोच घ्या.

भरताना गाडीचं नाक चढाला ठेवा, हीटरचा कॉक उघडा आणि बुडबुडे थांबेपर्यंत इंजिन चालू द्या. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर, इंजिन पूर्ण गार झाल्यावर, पातळी पुन्हा बघा. माझ्या गाडीत त्या वेळी जवळपास अर्धा लिटर कमी निघालं होतं.