पेपरमिंट टी-बॅग घाऊक घेताना आधी एक बॅग फाडून बघा

पेपरमिंटच्या चहात आपण पैसे मोजतो ते तेलाचे, आणि हे तेल उडून जाणारं असतं. त्यामुळे 'जितका मोठा खोका तितका फायदा' हा सल्ला इथे कामाचा नाही. रोज लागणाऱ्या बॅगांना १२० ने गुणा, म्हणजे चार महिन्यांपुरत्या, आणि तेवढ्याच घ्या. रोज ५ लागत असतील तर ६०० पुरे. खोक्यावरची दोन-तीन वर्षांची मुदत चहा पिण्याजोगा राहील एवढंच सांगते, वासाबद्दल काही सांगत नाही.

लेबलवर घटक एकच हवा: पेपरमिंटची पानं, शक्यतो मेंथा पायपेरिटा या शास्त्रीय नावासह. नुसतं 'मिंट' लिहिलं असेल तर आत स्पिअरमिंट, म्हणजे पुदिन्याचीच दुसरी जात, असू शकतं. त्यात कार्व्होन भरपूर आणि मेंथॉल नावापुरतं, म्हणून गोडसर वास येतो पण थंडावा जाणवत नाही. मिंट ग्रीन टीमध्ये कॅफिन असतं, पेपरमिंटच्या पानात नसतं. 'फ्लेवर' हा शब्द दिसला तर पुढे वाचूच नका.

निव्वळ वजनाला बॅगांच्या संख्येने भागा. दीड ते दोन ग्रॅम ठीक. एक ग्रॅमच्या बॅगा स्वस्त दिसतात, पण कपात दोन टाकाव्या लागतात.

आता खरी मेख: नमुना. तो मागवल्याशिवाय मोठी ऑर्डर देऊ नका, आणि नुसता वास घेऊन निर्णय तर मुळीच नको. वरून सुगंध फवारलेली बॅग कोरडी असताना सगळ्यात जास्त घमघमते, आणि बहुतेक जण तिथेच फसतात.

एक बॅग कात्रीने कापून पांढऱ्या कागदावर रिकामी करा. हिरवे, बारीक चिरलेले तुकडे हवेत. तपकिरी रंग म्हणजे पान जुनं किंवा वाळवताना बिघडलेलं. फिकट, काडीसारखे तुकडे म्हणजे देठ. देठात तेल जवळजवळ नसतं, वजन मात्र भरतं. आणि सगळी भुकटीच असेल तर नको. तेल पानाच्या पृष्ठभागावरच्या सूक्ष्म ग्रंथींत असतं. पान जितकं बारीक कराल तितक्या त्या जास्त फुटतात. म्हणूनच युरोपियन फार्माकोपिया (औषधांचे दर्जा-निकष देणारी युरोपीय संहिता) अखंड पानात किलोमागे किमान १२ मिलिलिटर तेल मागते, कापलेल्या पानात मात्र ९ वर समाधान मानते.

दुसरी बॅग वेष्टनातून काढून दोन दिवस बशीत उघडी ठेवा. मग ती आणि एक ताजी, दोन्ही वेगवेगळ्या कपांत २०० मिलिलिटर उकळत्या पाण्यात ७ मिनिटं, झाकण ठेवून. झाकण विसरलात तर मेंथॉल वाफेबरोबर जाईल आणि चांगल्या मालालाही नावं ठेवाल. एक घोट घेऊन तोंडाने श्वास आत ओढा. थंडावा घशापर्यंत जाणवला पाहिजे. उघड्या बॅगेचा कप ताज्या बॅगेच्या मानाने अगदीच पांचट लागला, तर हा माल सुट्या बॅगांच्या खोक्यात घेऊ नका. प्रत्येक बॅग फॉइलच्या पाकिटात बंद असलेलाच घ्या. कागदी पाकीट दिसायला छान, पण वास अडवत नाही. फॉइल महाग पडतं, कचराही वाढतो. तरी रोजचा खप कमी असेल तर तेच परवडतं. २० बॅगांची सीलबंद पाकिटं असलेला खोका हा मधला मार्ग.

अनेकांसाठी घेत असाल तर सोबत दुसरा एखादा चहाही ठेवा. ज्यांना छातीत जळजळ होते त्यांचा त्रास पेपरमिंटने वाढू शकतो.

साठवण सोपी: घट्ट झाकणाचा डबा, अंधारी कोरडी जागा, आणि साध्या चहापासून लांब. नाहीतर आठवड्याभरात साध्या चहालाही पुदिन्याचा वास लागतो.

माल आला की बॅच क्रमांक नमुन्याशी ताडून बघा. वेगळा असेल तर परत करण्याची मुदत संपायच्या आत खोक्याच्या मधून एक बॅग काढून पुन्हा करून बघा. वरच्या थरातली नको.